पाळणाघराच्या अनुदानाचा अर्ज करण्याआधी : ठाणे-नवी मुंबईतील नव्या संस्थांसाठी

पाळणाघरासाठी प्रस्ताव मागवणारी सूचना निघते तेव्हा अर्ज भरायला मिळणारा अवधी थोडका असतो आणि अर्जाला जोडायचे निम्मे कागद तेवढ्या अवधीत तयारच होऊ शकत नाहीत. विश्वस्तांमधला बदल धर्मादाय कार्यालयात नोंदवून घ्यायला महिने जातात, वस्तीचे सर्वेक्षण दोन रविवारांत उरकत नाही, आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागितले तर ते मागच्या तारखेने उभे करण्याची सोय नाही. त्यामुळे या लेखात अर्जाच्या रकान्यांविषयी कमी आणि सूचना निघण्यापूर्वीच्या सहा-आठ महिन्यांत काय करून ठेवावे याविषयी जास्त लिहिले आहे. वागळे इस्टेट, कळवा, दिघा, तुर्भे अशा भागांत काम सुरू करू पाहणारी महिला मंडळे आणि बचत गटांच्या ओळखीतून पुढे आलेल्या छोट्या संस्था डोळ्यांसमोर आहेत.

पहिली पायरी : आपली वस्ती कोणाच्या हद्दीत आहे ते पाहणे

हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, परंतु चुका इथूनच सुरू होतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर विटावा ठाणे महानगरपालिकेत आहे आणि त्याला लागूनच असलेला दिघा नवी मुंबई महानगरपालिकेत. खारघर, कामोठे, नवीन पनवेल येथील माणूस पत्ता सांगताना ‘नवी मुंबई’ म्हणतो, पण हा सगळा भाग रायगड जिल्ह्यात आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत येतो. तेथील संस्थेचा जिल्हा पातळीवरचा प्रस्ताव ठाण्याला नव्हे, अलिबागला जातो. लेटरहेडवर ‘नवी मुंबई’ छापले असेल तर त्याखाली तालुका आणि जिल्हा लिहिलेला असावा. तो नसल्यामुळे कागद एका टेबलावरून दुसऱ्या जिल्ह्यात फिरतो आणि मुदत निघून जाते.

हद्द कळली की तीन ठिकाणी स्वतः जाऊन यावे : जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचे कार्यालय, आपल्या भागातील एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा नागरी प्रकल्प, आणि महानगरपालिकेचा समाजविकास विभाग. पहिल्या भेटीत प्रस्ताव नेऊ नये. या भागात सध्या कोणती योजना सुरू आहे, नवीन पाळणाघरे घेत आहेत का, मागील वेळी कोणता नमुना वापरला होता, एवढेच विचारावे आणि मिळेल तो जुना नमुना घेऊन यावा. पुढे नमुना बदलला तरी मागितली जाणारी माहिती फारशी बदलत नाही.

दुसरी पायरी : पैसा कोणत्या वाटेने येतो ते समजून घेणे

केंद्र शासनाची पाळणाघर योजना आजवर तीन नावांनी चालली. २००६ पासून ती राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, १ जानेवारी २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली, आणि १ एप्रिल २०२२ पासून ती केंद्राच्या महिलांसाठीच्या मिशन शक्ती या कार्यक्रमाच्या ‘सामर्थ्य’ या भागात ‘पाळणा’ या नावाने आली. मधल्या योजनेत खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ३० टक्के आणि संस्था १० टक्के अशी होती, म्हणून जुने कार्यकर्ते अजूनही ‘दहा टक्के आपले’ असे म्हणताना आढळतात. आताच्या योजनेत दोन प्रकार आहेत : अंगणवाडीला जोडून चालणारे पाळणाघर आणि स्वतंत्र पाळणाघर. भर पहिल्या प्रकारावर आहे. ही गोष्ट नव्या संस्थेने नीट लक्षात घ्यावी, कारण आपल्या गल्लीतील अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाणार असेल तर त्याच मुलांसाठी दुसरे अनुदान मागून काही मिळणार नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास आणि एका पाळणाघरात २५ मुले ही चौकट मात्र मधल्या आणि आताच्या अशा दोन्ही योजनांत ओळखीची आहे. आपला आराखडा त्याच चौकटीत बसवून ठेवावा.

दुसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे सीएसआरची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ठाण्यापासून महापे-तुर्भ्यापर्यंत औद्योगिक पट्टा पसरलेला असल्यामुळे ही वाट आपल्याकडे मोकळी वाटते, पण तिच्या तोंडाशीच दोन अटी आहेत. संस्थेची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या नमुन्यात नोंदणी झालेली असावी लागते, आणि कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो.

इथे एक बारीक खाच आहे. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ‘डे केअर सेंटर’ हे शब्द आहेत आणि अनेक प्रस्तावांत त्यांचाच आधार घेतलेला दिसतो, परंतु ते शब्द ज्येष्ठ नागरिकांच्या सुविधांविषयी आहेत. लहान मुलांच्या पाळणाघराचा प्रस्ताव त्याच परिशिष्टातील कुपोषण निर्मूलन, शिक्षण आणि महिलांचे सक्षमीकरण या विषयांवर उभा करावा.

तिसरी गोष्ट अनुदान नाही, तरी तिचा विचार आधीच करावा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि ती सोय स्वतंत्रपणे किंवा सामाईकपणे करण्याची मुभा दिली. रबाळे-महापे पट्ट्यातील दोन-तीन कारखान्यांनी मिळून आपल्या पाळणाघराशी करार केला तर त्यातून येणारे सेवाशुल्क प्रस्तावात ‘स्वतःचे उत्पन्न’ म्हणून दाखवता येते. अनुदान थांबल्यावर पाळणाघर कसे चालेल, या प्रश्नाला बहुतेक संस्था ‘लोकसहभागातून’ असे उत्तर देतात. ते उत्तर वाचून कोणाचेच समाधान होत नाही.

तिसरी पायरी : कागदांची एकवाक्यता

अनुदान संस्थेला मिळते, बचत गटाला किंवा व्यक्तीला मिळत नाही. महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदलेल्या संस्थेची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदणी होते, म्हणून प्रमाणपत्रे दोन असतात आणि दोन्ही जोडावी लागतात. त्यांच्याबरोबर घटना व नियमावली, परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या व विश्वस्तांच्या नोंदीचा) अलीकडचा उतारा, संस्थेचे पॅन, आयकर नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरील क्रमांक लागतो. दर्पण क्रमांकासाठी संस्थेच्या पॅनबरोबर तीन पदाधिकाऱ्यांचीही ओळख तपासली जाते. त्या तिघांपैकी एखादे गृहस्थ गावी असतील आणि आधारला जोडलेला त्यांचा मोबाइल बंद असेल, तर काम तिथेच अडते. ही नोंदणी आजच करून ठेवावी. केंद्राचा निधी पीएफएमएस या सरकारी निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीतून येतो, म्हणून बँक खात्याची तिथली नोंदणीही अर्जापूर्वीच समजून घ्यावी.

आमच्या संस्थेचा पहिला प्रस्ताव परत आला तो नावातील एका शब्दामुळे. नोंदणी प्रमाणपत्रावर ‘महिला विकास मंडळ’ होते, पॅनकार्डावर ‘महिला मंडळ’ आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत त्याचे तिसरेच लघुरूप. वर्षानुवर्षे व्यवहार सुरळीत चालले असल्यामुळे आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. त्यानंतर आम्ही एक कोरा कागद घेऊन त्यावर प्रत्येक दस्तऐवजातील संस्थेचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक अक्षरशः जसाच्या तसा एकाखाली एक उतरवून काढला. अर्ध्या तासाच्या या कामात पत्त्यातील ‘सेक्टर’ क्रमांकाचीही एक चूक सापडली. नव्या संस्थेने सुरुवातच या कागदाने करावी.

पदाधिकाऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक असतो. अध्यक्षा बदलल्या, नवीन चिटणीस आल्या, इतिवृत्तात ठराव झाला, सह्या सुरू झाल्या, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज गेलाच नाही, अशी स्थिती निम्म्या छोट्या संस्थांत आढळते. हा अर्ज बदल झाल्यापासून ९० दिवसांत करायचा असतो. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत द्यावा लागतो. परिशिष्ट एकवर ज्यांचे नाव नाही त्यांच्या सहीचा प्रस्ताव टिकत नाही. आणखी एक ठराव आधीच करून ठेवावा : पाळणाघर चालवण्याचा निर्णय, त्यासाठी अनुदान मागण्याचा अधिकार आणि कागदांवर सही करणाऱ्या दोघींची नावे. ठरावाची प्रत इतिवृत्ताच्या वहीतून काढलेली असावी. प्रस्तावासाठी म्हणून वेगळा टाइप केलेला ठराव तपासणाऱ्याच्या डोळ्याला लगेच कळतो.

चौथी पायरी : वस्तीचे सर्वेक्षण

प्रस्तावाचा खरा पाया हाच आहे आणि नेमका इथेच सर्वांत कमी वेळ दिला जातो. ‘पाळणाघर हवे का?’ असा प्रश्न घेऊन दारोदार फिरले तर शंभरातली शंभर घरे हो म्हणतात आणि पाळणाघर सुरू झाल्यावर नऊ मुले येतात. प्रश्न असा विचारावा : ‘ताई, तुम्ही आत्ता कामाला जाता तेव्हा बाळ कोणाजवळ असतं?’ या एका प्रश्नातून सगळे बाहेर येते. कोणी शेजारणीला महिन्याला पैसे देते, कोणाची आठवीतील मुलगी शाळा बुडवून धाकट्या भावाला सांभाळते, कोणी बाळाला बरोबर घेऊन जाते, आणि कोणी बाळ झाल्यापासून काम सोडून बसलेली असते. यातील शेजारणीजवळ समाधानाने राहणारे मूल आपल्याकडे येणार नाही. ते गरजेच्या यादीत धरू नये. बहिणीची शाळा बुडते आहे ते घर मात्र यादीत सर्वांत वर लिहावे, कारण तिथे एका पाळणाघरामुळे दोन मुलांचा प्रश्न सुटतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. कामावर निघण्याची आणि परतण्याची वेळ तासाने नव्हे, मिनिटाने लिहून घ्यावी, कारण तुर्भे-वाशीच्या पट्ट्यात एकाच गल्लीत तीन निरनिराळी घड्याळे चालतात. बाजार समितीत भाजी निवडायला जाणारी बाई पहाटेच घर सोडते आणि दुपारपर्यंत परत येते. सोसायट्यांत धुणी-भांडी करणाऱ्या बाईचे काम सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन तुकड्यांत असते. कारखान्यात पॅकिंगला जाणारी नऊ ते साडेपाच बांधलेली असते आणि जाण्या-येण्याचा वेळ वेगळा. साडेसात तासांचे पाळणाघर सकाळी साडेनऊला उघडले तर यातील पहिली बाई त्याचा काहीच उपयोग करू शकत नाही. या नोंदींचा साधा तक्ता करून कोणत्या तासाला किती मुलांना सांभाळण्याची गरज आहे ते मांडावे, आणि पाळणाघराची वेळ त्या तक्त्यावरून ठरवावी. तपासणी करणारे अधिकारी पानभर लिहिलेले ‘पार्श्वभूमी’ हे प्रकरण चाळून पुढे जातात, पण असा तक्ता थांबून पाहतात.

सर्वेक्षण मे महिन्यात करू नये. मराठवाड्यातील, खानदेशातील, उत्तर प्रदेशातील कुटुंबे लग्नसराईला गावी गेलेली असतात आणि निम्म्या खोल्यांना कुलूप असते. आम्ही एकदा ते केले आणि जुलैमध्ये सगळी वस्ती पुन्हा पालथी घालावी लागली. भाडेकरू घरे बदलत असल्यामुळे सहा महिन्यांपेक्षा जुनी यादी जोडू नये. प्रत्येक मुलाची जन्मतारीख जन्म दाखल्यावरून किंवा लसीकरणाच्या कार्डावरून लिहावी. ‘अंदाजे दोन वर्षे’ असे लिहिल्यास सहा महिने ते तीन वर्षे आणि तीन ते सहा वर्षे हे दोन गट वेगळे काढता येत नाहीत, आणि कर्मचारी किती लागतील हे त्या गटांवरूनच ठरते.

सर्वेक्षणातील तीन वर्षांवरील मुले बहुधा अंगणवाडीच्या पटावर आधीपासून असतात आणि त्यांचा आहार पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी ॲपमध्ये नोंदवला जातो. तोच आहार पुन्हा अनुदानात मागितला तर दुबार लाभ ठरतो. म्हणून अंगणवाडी सेविकेबरोबर बसून यादी जुळवावी, दोन्हीकडे येणारी मुले वेगळी दाखवावीत आणि प्रकल्प कार्यालयाचे तसे पत्र जोडावे. सेविकेला आपण तिची मुले पळवायला आलो असे वाटू देऊ नये. अंगणवाडी सुटल्यानंतर आई घरी येईपर्यंतचे तास आम्ही सांभाळू, असे सांगितले की तीच आपल्याला घरे दाखवते.

पाचवी पायरी : जागा मोजणे

मातृत्व लाभ कायद्याखालील पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली दिलेल्या किमान मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. अनुदानाच्या योजनेत यापेक्षा कमी जागा चालत असली तरी आपण हेच माप धरावे. दहा फूट बाय वीस फूट खोली पाहिली की मन लगेच २०० भागिले १० असे गणित करून २० मुले बसवून मोकळे होते. प्रत्यक्षात ओटा आणि गॅसची जागा अडीच फूट रुंदीची जाते, दाराच्या पाखाला मोकळी जागा लागते, कपाट, पाण्याचे पिंप आणि चादरींची पेटी भिंतीशी बसते. मग टेप लावून पाहिले तर मुलांना झोपायला १५० चौरस फूट उरते, म्हणजे १२ ते १५ मुले. मोजताना दुपारी सगळी मुले एकदम आडवी झोपलेली आहेत असे समजावे आणि खरोखरच सतरंज्या अंथरून पाहाव्यात. त्या अवस्थेतला फोटो प्रस्तावाला जोडला तर वेगळे काही लिहावे लागत नाही.

जागा तळमजल्यावर असावी, पाणी मुलांच्या वेळेत येणारे असावे आणि शौचालय आत किंवा अगदी लगत असावे. चाळीच्या टोकाचे सार्वजनिक शौचालय दोन वर्षांच्या मुलासाठी शौचालय नव्हे. पावसाळ्यात त्या गल्लीत पाणी किती चढते ते शेजाऱ्यांना विचारावे, कारण भिंतीवर दिसणारी जुनी रेघ रंगाने झाकलेली असू शकते.

कागदाच्या बाजूने मात्र या भागात जागेची अडचण वेगळीच आहे. गावठाणातील अनेक इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नसते, सिडकोच्या इमारतीत निवासी सदनिकेचा वापर बदलायचा असेल तर परवानगीचा आणि सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याचा प्रश्न येतो, आणि झोपडपट्टीतील खोलीचा मालक करार नोंदवायला तयार नसतो. आपल्याकडे भाडेकरार ११ महिन्यांचा करण्याची रीत पडली आहे. अनुदान तीन वर्षांचे मागायचे आणि जागा ११ महिन्यांची दाखवायची, हे जुळत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार जास्त मुदतीचाही नोंदवता येतो. मालकाशी ते बोलणे आधीच करावे आणि तो राजी नसेल तर समाजमंदिराची खोली दिवसाच्या वेळेत मिळण्यासाठी महानगरपालिकेकडे लेखी मागणी करून तिची पोच ठेवावी.

सहावी पायरी : माणसे आणि सुरक्षितता

तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरील २० मुलांमागे एक कर्मचारी हे प्रमाण मार्गदर्शक सूचनांत आहे आणि त्याखाली जाऊ नये. सेविका आणि मदतनीस शक्यतो त्याच वस्तीतील असाव्यात, तसेच एक रजेवर गेली तर येऊ शकेल अशी तिसरी बाई नावासह ठरवलेली असावी. पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) नियम २०२० नुसार मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आवश्यक आहे, आणि त्यात दुपारी पाणी भरायला येणारा माणूसही धरावा. मुलाला घेऊन जाण्याचा अधिकार कोणाला आहे त्याची फोटोसह नोंदवही आतापासून आखून ठेवावी. आहार शिजवणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणी काढावी आणि जवळच्या नागरी आरोग्य केंद्राकडून महिन्यातून एकदा तपासणी करण्याबाबतचे पत्र घ्यावे.

सातवी पायरी : अंदाजपत्रक

खर्चाचे दोन भाग करावेत. एकदाच होणारा खर्च म्हणजे वजनकाटा, सतरंज्या, खेळणी, भांडी, पाण्याचे फिल्टर, दुरुस्ती. दरमहाचा खर्च म्हणजे मानधन, भाडे, आहार, औषधपेटी, वीज आणि साबण-फिनेल. आहाराचा आकडा हजेरीवरून काढावा. उदाहरणादाखल, २५ मुले आणि २६ दिवस म्हणजे महिन्याला ६५० मुलदिवस होतात. एका मुलामागे दिवसाला ३० रुपये धरले तर १९,५०० रुपये होतात. परंतु रोज सर्व मुले येत नाहीत. हजेरी ८० टक्के धरली तर ५२० मुलदिवस आणि १५,६०० रुपये होतात. पूर्ण आकडा मागून कमी खर्च झाला तर उरलेली रक्कम परत करावी लागते आणि खर्च दाखवण्यासाठी हजेरी फुगवण्याचा मोह होतो. त्या मोहाने बुडालेल्या संस्था या क्षेत्रात कमी नाहीत.

अनुदान हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता मागील हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे तो पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर, अवलंबून असतो. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे हे प्रमाणपत्र १२-अ या नमुन्यात द्यावे लागते, अनुदानावर बँकेत जमा झालेले व्याज परत करावे लागते आणि अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून वेगळे बचत खाते, वेगळी कीर्द आणि वस्तूंची नोंदवही पहिल्या दिवसापासून असावी. माझे मत असे की किमान सहा महिन्यांचे मानधन आणि भाडे हाती असल्याशिवाय पाळणाघराची घोषणा वस्तीत करू नये. हप्ता रखडला म्हणून दार बंद केले तर ज्या बाईने त्या भरवशावर काम धरले तिचे काम जाते, आणि पुढल्या वेळी ती आपल्याला दारात उभे करत नाही.

पालकांकडून थोडे शुल्क घ्यावे की नाही, यावर प्रत्येक संस्थेत वाद होतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी महिन्याला २० रुपये आणि त्यावरील कुटुंबांसाठी १०० किंवा २०० रुपये असे शुल्क ठरलेले होते. रक्कम छोटी असली तरी पावती दिली जावी आणि ती उत्पन्नात दाखवली जावी.

आठवी पायरी : सादर करणे आणि भेटीची तयारी

प्रस्तावाला पाने क्रमांकित करून अनुक्रमणिका जोडावी, प्रती साक्षांकित कराव्यात आणि स्थळप्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. ऑनलाइन भरला असेल तर पोचपावती त्याच दिवशी छापून घ्यावी. त्रुटीचे पत्र आले तर निराश होण्याचे कारण नाही. प्रस्ताव वाचला गेल्याची ती खूण आहे. सर्व त्रुटींची पूर्तता एकाच पत्राने, मुद्द्यांचे क्रमांक तेच ठेवून करावी.

जागेची पाहणी सांगून होते तशी न सांगताही होते. अनुदान येण्याआधी पाच-सात मुलांवर पाळणाघर सुरू केलेले असेल तर ही भेट सोपी जाते, कारण अधिकारी आल्यावर हजेरीपट, मुलांच्या वजनांची नोंद आणि आजच्या खिचडीचे पातेले या तीन गोष्टी बघायला मिळतात. आमच्याकडे आलेल्या बाईंनी फाइल बाजूला ठेवून प्रथम वजनकाट्यावर पाण्याची एक लिटरची बाटली ठेवली आणि काटा किती दाखवतो ते पाहिले. काटा दीडशे ग्रॅम जास्त दाखवत होता, त्यामुळे तीन महिन्यांची सगळी वजने लाल शाईने दुरुस्त करून खाली सही करावी लागली. काटा दर पंधरवड्याला असा तपासून त्याची तारीख वहीत टाकावी.